पेठेचा संघ आणि बाहेरचे खेळाडू

कोल्हापुरात हिवाळ्याच्या तोंडाशी दोन विषयांवर चर्चा हमखास रंगते. यंदा उसाला दर काय मिळणार, हा एक. आणि यंदा आपल्या तालमीने कोणते खेळाडू आणले, हा दुसरा. पहिल्या विषयाची दखल साखर कारखाने, शेतकरी संघटना आणि विधिमंडळ घेत असते. दुसऱ्याची दखल चहाच्या टपरीपलीकडे फारशी कोणी घेत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ती घ्यावी, हे तर पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. तरीही ते धाडस मी करीत आहे. कारण मजुरी, करार, स्पर्धा आणि सामाईक मालमत्ता यांविषयी जे प्रश्न मी वर्गात फळ्यावर मांडतो, ते सगळे गेल्या हिवाळ्यात शाहू स्टेडियमच्या परिसरातील एका टपरीवर, अर्ध्या तासात, आणि माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक जिवंतपणे मांडलेले मी ऐकले.

वाशिममध्ये राहून कोल्हापूरच्या फुटबॉलवर लिहिणे आगंतुकपणाचे आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडे मुले क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात, पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. फुटबॉल हा शालेय स्पर्धांपुरता येतो आणि जातो. परंतु पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे मी शिवाजी विद्यापीठात होतो, आणि ज्या पेठेत खोली घेऊन राहिलो त्या पेठेच्या तालमीचा समर्थक व्हावे की नाही, हे ठरविण्याची मुभा मला कोणी दिली नव्हती. भाडे आगाऊ घेताना घरमालकांनी दोनच प्रश्न विचारले होते : मांसाहार करतोस का, आणि सामन्याला येणार ना? दोन्हींची उत्तरे होकारार्थी दिल्यामुळे माझे दिवस सुखात गेले.

या नगरीतील फुटबॉलची घडण बाहेरच्या वाचकाला थोडी समजावून सांगावी लागेल. येथे संघ हा क्लब नसतो, तालीम असते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम ही नावे मूळची कुस्तीच्या आखाड्याची. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी यांसारखी मंडळे. ज्या वास्तूत लाल मातीचा हौदा होता, तेथेच गणपती बसतो, तेथेच पेठेतील भांडणे मिटतात, तेथूनच अंत्ययात्रेला माणसे निघतात आणि 2019 व 2021 सालच्या महापुरांत जेवणाची पाकिटे घेऊन पोरे निघाली तीही अशाच वास्तूंतून. संस्थानी काळात या घरात चेंडू आला आणि तो घरचाच झाला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्पर्धा भरविते, हजारो माणसे पायऱ्यांवर बसतात, आणि देशातल्या अनेक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा इतका प्रेक्षक एका जिल्ह्याच्या गावातील स्थानिक सामन्याला मिळतो.

अशा तालमीचा संघ म्हणजे पेठेतली पोरे, ही समजूत. प्रत्यक्षात गेली काही वर्षे नोंदणीचा काळ आला की परगावचे, परराज्यातले आणि परदेशातले, विशेषतः नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडू एका हंगामाच्या बोलीवर येऊ लागले आहेत. किती परदेशी खेळाडू घ्यावयाचे यावर बंधने घातली जातात, ती बदलतात, त्यांवर वाद होतात. टपरीवर चाललेली चर्चा याचीच होती.

चौघे जण होते. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, ज्यांना बाकीचे मामा म्हणत होते. एक बँकेतील लिपिक. आणि दोन महाविद्यालयीन तरुण. तरुणांच्या भ्रमणध्वनीवर नव्या आघाडीच्या खेळाडूची चित्रफीत होती. "मामा, बघा तर खरं, काय मारतोय," असे म्हणून एकाने ती मामांपुढे धरली. मामांनी ती चष्मा वर करून शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "मारतोय झकास. पण ह्याचं घर कुठल्या बोळात?" सगळे हसले. लिपिक मात्र हसले नाहीत. त्यांचा प्रश्न निराळा होता. या खेळाडूला पैसे किती दिले, ते कोणी दिले आणि देणाऱ्याला त्यातून काय हवे आहे? या प्रश्नाचे उत्तर चौघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. परंपरेचा प्रश्न मामांचा होता, यशाचा तरुणांचा आणि हिशेबाचा लिपिकांचा. वर्तमानपत्रांतून पहिल्या दोहोंची चर्चा होते. मला तिसरा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण त्याकडे वळण्यापूर्वी मामांच्या आक्षेपाचा विचार करणे न्यायाचे होईल, कारण तो वरवर पाहता भावनेचा असला तरी पोकळ नाही.

बाहेरचा माणूस आणणे हे कोल्हापूरच्या परंपरेविरुद्ध आहे, असे म्हणता येईल काय? इतिहास याच्या उलट साक्ष देतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या विलायत प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान सुरू झाले. त्या मैदानावर उत्तरेकडचे नामांकित मल्ल लढले. महाराजांनी पंजाबच्या पैलवानांना आश्रय दिला, तो करवीरची माती कमअस्सल होती म्हणून नव्हे. श्रेष्ठ मल्लाशी लढल्याविना आपला मल्ल श्रेष्ठ होत नाही, हे त्यांना कळत होते म्हणून. तीच गोष्ट संगीताची. अल्लादियाखाँसाहेब उत्तरेतून आले, दरबारचे गायक झाले. आज जयपूर-अत्रौली घराण्याचा विचार कोल्हापूर वगळून करताच येत नाही. गोमंतकात जन्मलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. खाँसाहेबांचे पुत्र भूर्जीखाँ यांनी कोल्हापुरात राहून विद्या दिली. पाहुणा म्हणून आलेली कला दोन पिढ्यांत घराणे झाली.

कलकत्त्याचे उदाहरण तर याच खेळातले आहे. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2-1 असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली आणि फुटबॉल हा बंगाली अस्मितेचा भाग झाला. परंतु त्याच शहरातील ईस्ट बंगाल क्लबच्या इतिहासात सर्वांत लाडकी ठरलेली आघाडीची फळी कोणाची? सालेह, अहमद खान, धनराज, अप्पाराव आणि व्यंकटेश या पाच जणांची. पाचही दक्षिणेकडचे. 1949 ते 1953 या काळात ते एकत्र खेळले आणि बंगाली प्रेक्षकांनी त्यांना 'पंचपांडव' हे नाव दिले. मजीद बिश्कर हा इराणी विद्यार्थी अलीगढहून 1980 साली तेथे गेला. नायजेरियाचा चिमा ओकोरी त्यानंतर गेला. आज कलकत्त्यात जुन्या दिवसांच्या आठवणी निघाल्या की हीच नावे प्रथम येतात. परंपरा म्हणून आपण ज्याला कवटाळतो, त्यातील पुष्कळसा भाग कधीकाळी नवी भरती म्हणूनच आलेला असतो. मामांनाही हे माहीत असावे; कारण मी थोडा धीर करून विचारले तेव्हा त्यांनी कबूल केले की, त्यांच्या तरुणपणीही मोठ्या तालमी धाकट्या तालमींची चलाख पोरे पळवीतच असत. "तेव्हा सायकल द्यायचे," ते म्हणाले, आणि ते कोणत्या पेठेबद्दल बोलत होते हे सांगण्याचे त्यांनी टाळले.

तर मग मामांच्या आक्षेपात तथ्य ते काय? माझ्या मते हे की, अल्लादियाखाँ कोल्हापुरात पंचवीसएक वर्षे राहिले, आणि आजचा आघाडीचा खेळाडू पाच महिने राहतो. खाँसाहेबांनी शिष्य मागे ठेवले. हा खेळाडू गोल मागे ठेवून जातो, आणि गोल पुढच्या हंगामाच्या गुणतक्त्यात धरला जात नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर एक गुंतवणूक होती आणि दुसरा उपभोग आहे. उपभोग वाईट नव्हे. लग्नात आपण जेवणावळ घालतोच. पण जेवणावळीसाठी शेत गहाण टाकू नये, एवढे शहाणपण आमच्या विदर्भातल्या शेतकऱ्यालाही अनुभवाने आले आहे. (सगळ्यांनाच आले आहे, असे मात्र म्हणवत नाही.)

तरुणांचे म्हणणे असे की, समोरच्या तालमीने दोन आणले, तर आपण हात बांधून बसायचे का? हा युक्तिवाद मला फार ओळखीचा वाटला. आमच्या जिल्ह्यात एकाने दोनशे फूट बोअर मारला आणि पाणी लागले, की शेजारी तीनशे फूट मारतो. मग पहिल्याचा बोअर आटतो आणि तो चारशेवर जातो. भूगर्भातले पाणी तेवढेच राहते, कर्ज मात्र सगळ्यांचे वाढते. यांपैकी एकही शेतकरी मूर्ख नसतो. शेजारी जे करणार ते गृहीत धरले तर प्रत्येकाचा निर्णय बरोबरच असतो. फुटबॉलची गत तीच. लीगमध्ये सोळा संघ असोत की आठ, विजेता एकच होणार. सर्वांनी बाहेरचे खेळाडू आणले तरी एकच आणि कोणीच आणले नाहीत तरी एकच. एका तालमीने संयम पाळला तर ती हरेल. सर्वांनी मिळून पाळला तर कोणाचे काहीच बिघडणार नाही. अशा ठिकाणी व्यक्तीला किंवा एका मंडळाला उपदेश करून भागत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा नियम लागतो.

1964 साली वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने क्रीडाव्यवसायाचे एक वैचित्र्य दाखवून दिले होते. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा व्हावा अशी प्रत्येकाची इच्छा असते; मुष्टियोद्धा जो लुई याला मात्र मॅक्स श्मेलिंग हवाच असतो, कारण तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविना त्याच्या लढतीला गिऱ्हाईक नाही. पाटाकडीलला दिलबहार हवी आणि दिलबहारला पाटाकडील, हे कोल्हापुरातील कोणत्याही पोराला नीलचे नाव न ऐकता कळते. म्हणजे या दोन तालमी एका अर्थाने एकाच मालाचे दोन उत्पादक आहेत. एक सामना ही त्यांची सामाईक निर्मिती आहे. असे असताना त्यांनी एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी खर्चाची चढाओढ करावी आणि त्यात एखादी धाकटी तालीम मोडून पडावी, यात दोघींचेही नुकसान आहे. पायऱ्यांवरची ईर्ष्या कित्येकदा हातघाईवर येते आणि मग पोलीस बंदोबस्त, सामने थांबणे, प्रेक्षकांवर बंदी असे प्रकार होतात. त्यामागेही ही चढाओढ काही अंशी असावी. ज्याच्यावर एवढा पैसा ओतला तो हरणे मनाला लागते.

येथपर्यंत खेळाडूचा विचार कोणी केलेला नाही. टपरीवरही तो झाला नाही. या पाच महिन्यांच्या बोलीवर येणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर आमच्या वऱ्हाडातल्या सालगड्याची आठवण येते. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरते. रोख किती, धान्य किती, उचल किती, हे तोंडी बोलून होते. साल भरले की मालक नवा गडी पाहतो आणि गडी नवा मालक. साल सुरू असताना बैलाने शिंग मारले, तर मालक भला असला तर दवाखाना करतो, नसला तर नशीब. कागद कुठेच नसतो.

माझा एक विद्यार्थी असाच कोल्हापूरला गेला होता. आमच्या जिल्ह्यातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत असताना एका शिक्षकाच्या नादाने फुटबॉलला लागलेला. तेथील एका तालमीने त्याला दोन हंगाम घेतले. तालमीचे नाव मी देत नाही, कारण त्यांनी वाईट असे काही केले नाही. दुसऱ्या हंगामात त्याच्या गुडघ्यातील स्नायुबंध तुटला. कार्यकर्ते धावत आले, इस्पितळात भरती केले, पहिले बिल भरले. समर्थकांनी, ज्यांतले काही महिनाभरापूर्वी त्याला 'बाहेरचा' म्हणून हिणवीत होते, पेठेत डबा फिरवून आणखी काही रक्कम उभी केली. परंतु शस्त्रक्रियेनंतर सहा-सात महिने जो व्यायाम आणि उपचार लागतो, त्याची तजवीज नव्हती. नव्या हंगामाच्या यादीत त्याचे नाव आले नाही. कोणी त्याला काढले नव्हते. ज्याला कधी कराराने घेतलेच नव्हते त्याला काढण्याचा प्रश्नच नव्हता. तो गावी परतला. पदवीची परीक्षा त्याने एक वर्ष उशिरा दिली. आजही जिना उतरताना तो डावा पाय जपून टाकतो.

आम्हा वाशिमकरांना या गोष्टीत कोल्हापूरकरांकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. 2018 साली नीती आयोगाने विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशिम होते. आमची मुले पुण्याला जातात, सुरतेला जातात, आणि अशाच तोंडी बोलीवर राबतात. 'बाहेरचा खेळाडू' या शब्दांत आमचाही मुलगा आहे, एवढेच मला सांगायचे आहे. म्हणून 'फक्त पेठेतलीच पोरे' ही घोषणा मला गोड वाटत असली तरी मान्य होत नाही.

युरोपात या प्रश्नाचा निकाल न्यायालयाने लावला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान या मध्यम प्रतीच्या खेळाडूने दावा लावला आणि 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, करार संपलेल्या खेळाडूला क्लब अडवून धरू शकत नाही आणि युरोपीय संघातील नागरिकांना संख्येची मर्यादा लावता येणार नाही. खेळाडू मुक्त झाला, ते योग्यच झाले. पण ज्या धाकट्या क्लबांनी मुले घडविली ते रिते झाले. 1995 साली युरोपीय चषक जिंकणारा ॲम्स्टरडॅमचा आयाक्स हा संघ बहुतांशी आपल्याच प्रशिक्षणशाळेत वाढलेल्या मुलांचा होता. पुढच्या काही वर्षांत तो विखुरला. मग 2001 साली जागतिक महासंघाने उपाय काढला. एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडू पैसे घेऊन गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला ज्यांनी शिकविले त्या संस्थांना द्यावयाचा. घडविणाऱ्याचा हक्क मान्य करणारी ही तरतूद मला मोठी शहाणपणाची वाटते.

कोल्हापूरच्या मातीतून असे खेळाडू निघत नाहीत असे नाही. अनिकेत जाधव 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे व्यावसायिक संघांतून चमकला. निखिल कदम पुण्याकडून आणि मोहन बागानकडून खेळला. ही मुले लहानपणी कोणाच्या तरी बोटाला धरून मैदानावर गेली असतील, कोणीतरी त्यांना पहिले बूट दिले असतील. त्या कोणाचा तरी हिशेब कुठल्या वहीत आहे? हंगामाच्या पाहुण्यावर जी रक्कम खर्च होते, तिचा दहावा हिस्सा चौदा वर्षांखालील मुलांच्या प्रशिक्षकावर खर्च होतो काय? ज्या तालमीत होत असेल तिचे अभिनंदन. पण समर्थकाला ते कळण्याची सोय कुठे आहे?

परंपरा राखून स्पर्धेत टिकता येते याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे स्पेनमधील बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब. शंभराहून अधिक वर्षे तो केवळ बास्क प्रदेशातले खेळाडू घेतो. स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो एकदाही खाली घसरलेला नाही, आणि चाळीस वर्षांच्या खंडानंतर 2024 साली त्याने राजाचा चषक जिंकला. मात्र हे उदाहरण देणारे त्यातील दोन गोष्टी विसरतात. एक म्हणजे त्या क्लबची लेझामा येथील प्रशिक्षणशाळा, जिच्यावर ते खेळाडूविक्रीतून आलेला पैसा ओततात. आणि दुसरी म्हणजे 'आपला' या शब्दाची त्यांनी बदलत आणलेली व्याख्या. 2024 च्या विजयी संघातील विल्यम्स बंधूंचे आईवडील घानाहून आलेले होते. मुले त्या प्रदेशात वाढली, तेथे घडली, म्हणून ती बास्क ठरली. म्हणजे कुळ पाहिले जात नाही, शाळा पाहिली जाते. वस्तुतः आपल्या तालमीची जुनी रीत याहून निराळी नव्हती. वस्तादाने ज्याला मातीत घेतले तो तालमीचा, मग त्याचे गाव कोणतेही असो.

आता लिपिकांच्या प्रश्नाकडे. पैसा कोणाचा? वर्गणीचा थोडा, प्रेक्षकांच्या तिकिटाचा थोडा, आणि मोठा वाटा बहुधा एखाद्या दानशूर नेत्याचा, बांधकाम व्यावसायिकाचा किंवा उद्योजकाचा. दान वाईट म्हणून कोण म्हणेल? शाहू महाराजांचा आश्रय हेही दानच होते. परंतु आश्रयदात्याची मर्जी फिरली की काय होते, हे भारतीय फुटबॉलने वारंवार पाहिले आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड राष्ट्रीय विजेता होता. 2010 साली कंपनीने तो बंद केला. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2019 साली संपला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. समर्थकांना कोणी विचारले नाही. 2016 साली गोव्याच्या धेंपो आणि साळगावकर या जुन्या क्लबांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. 2025 साली तर महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराच्या घोळात देशातील सर्वोच्च लीगचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही. या साऱ्यांच्या तुलनेत तालीम किती भक्कम! ती विकता येत नाही, उचलून हैदराबादला नेता येत नाही. तिला मालक नाही, सभासद आहेत. मोहन बागानच्या नावापुढे 2020 साली लागलेली भागीदार संघाची अक्षरे काढून टाकण्यासाठी समर्थकांना तीन वर्षे निदर्शने करावी लागली, तेव्हा 2023 साली ती गेली. तालमीच्या समर्थकाला रस्त्यावर उतरण्याची गरज नाही. त्याच्या हाती सभा आहे.

म्हणून बाहेरचे खेळाडू हवेत की नकोत, हा वाद मला दुय्यम वाटतो. दोन येऊ देत. पण सर्व संघांना एकच मर्यादा असो आणि ती हंगाम सुरू झाल्यावर बदलू नये. येणाऱ्याशी लेखी करार व्हावा, त्यात दुखापतीच्या विम्याची अट असावी. एवढ्या रकमेचा विमा हा एका करंडकाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या खर्चापुढे फार मोठा नसावा. आणि त्या खेळाडूने आठवड्यातून दोन सकाळी पेठेतील मुलांना शिकवावे, हेही करारातच असावे. ज्याला भाषा येत नाही तो काय शिकविणार, असे कोणी म्हणेल. छातीवर चेंडू कसा झेलावा हे मराठीत सांगावे लागत नाही. राहिला जमाखर्च. धर्मादाय कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला तो ठेवावाच लागतो, तपासून घ्यावा लागतो. प्रश्न एवढाच की तो तालमीच्या फलकावर, संघाच्या छायाचित्राशेजारी लागावा.

हे सारे मी त्या टपरीवर थोडक्यात बोलून दाखविले. तरुणांनी सभ्यपणे ऐकले. लिपिकांनी मान डोलावली. मामा म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे, पण पहिला सामना जिंकूद्या." वार्षिक सभेची सूचना तालमीच्या दाराशी दर वर्षी लागते, हे चौघांनाही ठाऊक होते. गेल्या सभेला तुमच्यापैकी कोण गेले होते, असे मी विचारले. तेव्हा मामांनी चहाचे पैसे काढले, आणि एका तरुणाने ती चित्रफीत पुन्हा सुरू केली.